टीबीच्या गोळ्या चालू असताना कावीळ झाली, दोष गोळ्यांचाच हे ठरवतात कसं?

कृष्णाकाठ:
आई ५८ वर्षांची, वजन ४६ किलो. मानेच्या गाठीचा टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या एकत्र औषधांच्या रोज ३ गोळ्या, आता पाचवा आठवडा. लघवी पहिल्या दिवसापासून लालसर. तिथल्या ताईंनी आधीच सांगितलं होतं, गोळीचा रंग आहे, घाबरू नका. त्याच भरवशावर गाफील राहिलो. आठ दिवस झाले, फोडणीचा वास आला की उमासे, भाकरीचा घास तोंडातच फिरतो. काल बहिणीने अंगणात उन्हाला नेऊन डोळे बघितले, पिवळे.

यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी ३१२ (४० पर्यंत हवं), बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) २.९, अल्कलाइन फॉस्फेटेज १४० (१२० पर्यंत). सोनोग्राफी ठीक. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या थांबवल्यात. काका म्हणतात ही पाण्याची कावीळ, गावचं औषध देऊ. गोळ्यांमुळेच झालंय हे सांगणारी रक्ताची तपासणी नसते का?

जुना फिजिशियन:
नसते. बाकीची कारणं एकेक बाद करत यावं लागतं, म्हणून तर हे निदान किचकट. काकांची शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर काढ्यात नाही, रक्तात आहे: पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ईचे आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण), शिवाय बी आणि सी. ई आपल्याकडे इतका आढळतो की तो न तपासता गोळ्यांवर खापर फोडू नये.

आता आकडे. एसजीपीटी मर्यादेच्या ७.८ पट, अल्कलाइन फॉस्फेटेज १.१७ पट. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ६.७ येतात. ५ किंवा वर म्हणजे मार यकृताच्या पेशींवर. २ किंवा खाली आलं असतं तर पित्त तुंबल्याचा प्रकार. आईच्या एकत्र गोळीतली आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही औषधं पेशींनाच मारतात, आणि पाचवा आठवडा हीही त्यांचीच वेळ. त्याच गोळीतलं इथॅम्ब्युटॉल यात सहसा निर्दोष.

दुसरं, एसजीपीटी मर्यादेच्या ३ पटीहून जास्त आणि बिलिरुबिन दुपटीहून जास्त, दोन्ही एकदम. औषधांनी होणाऱ्या यकृताच्या इजेचे अभ्यासक हायमन झिमरमन यांनी दाखवून दिलं की औषधाने असं झालं तर दहातला साधारण एक रुग्ण दगावतो किंवा त्याला यकृत बदलावं लागतं. गोळ्या थांबवल्या ते बरोबरच. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) आजच करा. आई असंबद्ध बोलू लागली, दिवसा गुंगीत राहिली, तर सकाळची वाट बघू नका.

आणि एक विचारतो, रागावू नका. गुळवेल, काढा, चूर्ण काही चालू आहे?

शेवगा:
मी यातून गेलेय. एसजीपीटी दुपटीच्या खाली आल्यावर सुट्या गोळ्या एकेक करून सुरू केल्या, आधी रिफाम्पिसिन (हेही टीबीचंच औषध), काही दिवसांनी आयसोनियाझिड, मध्ये रक्त तपासत. पायराझिनामाइड मला परत दिलंच नाही, म्हणून कोर्स ९ महिने चालला. मनाने गोळ्या सोडू नका आणि घरात उरलेली एकत्र गोळीही पुन्हा सुरू करू नका. मला सगळ्यात छळलं ते शेजारणींनी. "टीबी सोडून यकृत गेलं" म्हणे!

कृष्णाकाठ:
११ दिवसांनी लिहितोय. हिपॅटायटिसच्या चारही तपासण्या निगेटिव्ह. आयएनआर १.२. एसजीपीटी ९६ वर आलं, आई काल पिठलं-भात मागून जेवली. डॉक्टर म्हणाले, थांबवल्यावर उतरतंय हा सगळ्यात मोठा पुरावा.

पण पेच राहिलाच. फिजिशियनकाकांचा प्रश्न आईला विचारला तर ती पदराशी चाळा करत बसली. गोळ्यांची उष्णता होते म्हणून महिनाभर रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेत होती, आम्हाला न सांगता. तोही त्याच दिवशी बंद केला, त्यामुळे उतार कशाने पडला हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी काढा कायमचा बंद करायला सांगितलाय. आकडा ८० खाली आला की पहिली गोळी.

उरलेली बाटली डॉक्टरांना दाखवायला नेली होती. परतताना रिक्षात आई हळूच म्हणाली, दुसरी माळ्यावर आहे.