सांगलीत कामगार संघटनेसोबत संशोधन इंटर्नशिप कशी जमवावी?

अर्थशास्त्र_सांगली यांचा प्रश्न

नमस्कार. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सांगलीतील एका महाविद्यालयात मी एम.ए. करीत आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प पूर्ण करावा लागतो. वर्गातील बहुतेकांनी पतसंस्था आणि कुपवाड एमआयडीसीतील कारखाने गाठले आहेत. मला मात्र हे काम कामगारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेत करायचे असून, मार्केट यार्डातील हमाल आणि गळीत हंगामात येणारे ऊसतोड कामगार असे दोन विषय मनात आहेत. संघटनेकडे जाताना काय घेऊन जावे आणि हाताशी असलेल्या थोड्या आठवड्यांत कोणता विषय पेलेल? संघटनेच्या कार्यालयात बसून केलेले संशोधन निःपक्षपाती राहत नाही, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. त्यावरही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

थप्पी यांचे उत्तर

ताई, मी बरीच वर्षे हमालांच्या संघटनेचे दप्तर सांभाळतो, म्हणून पहिल्या विषयापुरते लिहितो. महाविद्यालयाचे पत्र तर आणाच, पण प्रश्नावली छापून आणू नका. आमच्याकडे येणारे विद्यार्थी शिक्षण, व्यसन आणि कौटुंबिक उत्पन्न विचारणारे तेच ते कागद घेऊन येतात; हमाल बिचारे उत्तरे देतात आणि पुढे त्या कागदांचे काय झाले ते कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा आधी पदाधिकाऱ्यांना विचारा की, पुढच्या दरवाढीच्या बैठकीत तुम्हाला कोणती माहिती हाताशी हवी आहे.

एक काम मीच सुचवतो. १९६९ च्या माथाडी (म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या) कायद्याची रचना अशी आहे की व्यापाऱ्याने हमालाची मजुरी परस्पर न देता माथाडी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, बोनस अशा गोष्टी भागतात. साहजिकच जेवढे काम कागदावर कमी दिसेल तेवढी लेव्ही वाचते. हळदीच्या हंगामात एखाद्या अडत दुकानासमोर सकाळपासून थांबलात तर एकच पोते किती वेळा उचलले जाते ते दिसेल: गाडीतून खाली, सौद्यासाठी मांडणी, काट्यावर, थप्पीला आणि शेवटी ट्रकमध्ये. यातल्या कोणत्या उचलीला स्वतंत्र दर मिळतो, कोणती फुकट धरली जाते आणि मंडळाकडे त्यातले किती पोहोचते, एवढे जरी नीट मोजून मांडलेत तरी संघटनेच्या उपयोगाचा अहवाल होईल. पोत्याचे वजन ५० किलोच्या वर नसावे ही हमालांची जुनी मागणी आहे, तेव्हा वजनाचीही नोंद ठेवा. हळद निवडणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या बायकांना विसरू नका. त्यांची नोंदणी झाली आहे की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

विद्यावेतनाची अपेक्षा ठेवू नये. चहा मात्र मिळेल.

कराडचा_अभ्यासक यांचे उत्तर

ऊसतोडीचा विषय मोहात पाडणारा आहे, पण तो थोड्या आठवड्यांत आवरत नाही. टोळी पहाटे अंधारात फडावर जाते, दिवसभर तोडणी आणि मोळ्या बांधणे चालते, आणि वाहन रात्री आले तर रात्रीच भरावे लागते. मग कोपीवर (राहत्या झोपडीत) स्वयंपाक करीत असलेल्या बाईला तुम्ही नेमके केव्हा भेटणार? शिवाय तळावर जायचे तर मुकादमाच्या (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या) ओळखीने जावे लागते, आणि तो शेजारी उभा असताना उचलीचा, म्हणजे हंगामासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेचा, आकडा कोणी खरा सांगत नाही. बाहेरच्या विद्यार्थ्याशी बोलल्याबद्दल एखाद्या जोडप्याला पुढच्या हंगामाची उचल नाकारली गेली, तर ते नुकसान भरून देण्याची आपली ऐपत नसते.

तरीही हाच विषय घ्यायचा झाल्यास तो अगदी अरुंद करावा. नवरा-बायको मिळून एक कोयता (मजुरीच्या हिशेबाचे एकक) धरला जातो, उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असते आणि हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. त्यामुळे बाईने तोडलेल्या उसाची मजुरी तिच्या नावाने कुठेच दिसत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती वाढ उचल फेडण्यातच जिरली की कोयत्याच्या हाती काही शिल्लक राहिली, हे मोजक्या कुटुंबांच्या हिशेबावरून तपासता येईल. कायद्याची बाजूही पाहावी. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य कामगारांपुरता होता आणि २०२० च्या कामगार संहितेतही ती अट राहिली, म्हणून बीडहून वाळव्याला आलेली टोळी शेकडो किलोमीटर ओलांडूनही त्या व्याख्येत बसत नाही.

नदीकाठ यांचे उत्तर

मी महाविद्यालयात शिकवतो. आपल्या मार्गदर्शकांची शंका रास्त आहे, पण ती एकाच बाजूला लावली जाते याचे मला नवल वाटते. कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात बसून लिहिलेल्या अहवालाला निःपक्षपातीपणाचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. तथापि, वर ‘थप्पी’ यांनी सुचवल्याप्रमाणे विषय संघटनेनेच ठरवून द्यावा, हे मला पटत नाही. प्रश्न त्यांच्याशी चर्चा करून ठरवावा, निष्कर्ष मात्र आपले असावेत. आणि ते संघटनेला गैरसोयीचे निघाले तरी अहवालात राहतील, असे पहिल्याच भेटीत पत्रावर लिहून घ्यावे. कामगारांची नावे, दुकानाचे नाव आणि गाळ्याचा क्रमांक अहवालात येऊ देऊ नये. व्यापाऱ्यांची बाजूही विचारावी. ती पटली नाही तरी नोंदवावी.

थप्पी यांचे उत्तर

सर, निष्कर्षांबद्दल तुमचे म्हणणे मान्य. लेखी द्यायला आमची हरकत नाही, पण छापण्याआधी एकदा हमालांना वाचून दाखवा, एवढी अट आमचीही राहील. आकड्यांतली चूक तिथेच सापडते.

अर्थशास्त्र_सांगली

सर्वांचे आभार. ऊसतोडीचा विषय पुढील वर्षीच्या संशोधन प्रकल्पासाठी राखून ठेवते आणि आता हमालीच्या मोजणीचे काम घेते. एक शंका उरते: मंडळाकडे भरलेल्या लेव्हीची माहिती संघटनेमार्फत मागावी की माहितीच्या अधिकारात स्वतः अर्ज करावा?

थप्पी यांचे उत्तर

आधी संघटनेच्या पत्रावर मागा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची असते, आणि अपिलात जावे लागले तर तुमचे सत्र संपून जाईल. अर्ज करायचाच असेल तर पहिल्याच आठवड्यात करून ठेवा, आणि वैयक्तिक खाती न मागता दुकानांची नावे वगळून महिनावार एकूण रकमा मागा.