गेटचा निकाल मनासारखा लागला नाही तेव्हा : अनुभव धागा

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी फेब्रुवारीत होणाऱ्या गेट परीक्षेचा निकाल मार्चच्या मध्यानंतर लागतो. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. ज्यांना चांगला क्रमांक मिळतो ते विद्यार्थी पेढे घेऊन विभागात येतात. ज्यांना मिळत नाही ते फिरकतच नाहीत, आणि बोलण्याची खरी गरज त्यांच्याशी असते. दोन सल्ले मात्र त्यांना घरबसल्या मिळतात. अर्धे नातेवाईक ‘पुढच्या वर्षी पुन्हा दे’ म्हणतात, उरलेले ‘आता नोकरी बघ’ म्हणतात, आणि सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी निकालपत्र धड वाचलेलेही नसते. म्हणून ज्यांनी हा काळ अनुभवला आहे त्यांना विनंती आहे की निकाल हाती आल्यापासून पुढचा निर्णय होईपर्यंत नेमके काय केले, ते लिहावे. शेवटी यश मिळालेच पाहिजे अशी अट नाही. संस्थांची आणि शिकवणीवर्गांची नावे घेऊन तक्रारी मात्र करू नयेत.

स्थापत्य अभियांत्रिकी, कराड

निकालपत्रावर गेट स्कोअरसमोर तीनशे ऐंशीच्या आसपासचा आकडा होता. माझे वडील आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आले. त्यांनी त्याला १००० ने भागले, ‘अडतीस टक्के’ एवढेच म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडले. त्या दोन शब्दांनी मला जेवढे लागले तेवढे आयआयटीच्या नकारांनीही लागले नाही. वास्तविक ही टक्केवारी नसतेच. परीक्षा १०० गुणांची असते आणि त्यातून काढलेला स्कोअर १००० पैकी असतो. खुल्या गटाच्या पात्रतेसाठी जे किमान गुण ठरतात (२५, किंवा सर्वांच्या गुणांची सरासरी अधिक प्रमाण विचलन, यांतील जे जास्त असेल ते), त्या गुणांना ३५० हा स्कोअर दिलेला असतो. सर्वांत वरच्या ०.१ टक्का किंवा पहिल्या दहा परीक्षार्थींच्या, यांतील मोठ्या गटाच्या, सरासरी गुणांना ९०० दिलेला असतो. आणि बाकीचे सगळे या दोन खुंट्यांवरून ताणलेल्या दोरीवर, मध्ये किंवा पलीकडे, आपापल्या जागी बसतात. म्हणजे माझा आकडा सांगत होता की मी पात्र ठरलो आहे, पण जेमतेम. परीक्षेला बसणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना पात्रताही मिळत नाही. हे मी वडिलांना सूत्र मांडून दाखवले, ते त्यांना पटले आणि त्यानंतर घरात निदान योग्य भाषेत चर्चा सुरू झाली.

आयआयटीचे प्रस्ताव ज्या सामायिक संकेतस्थळावर येतात तिथे माझ्यासाठी काहीच आले नाही. एनआयटींच्या, म्हणजे राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांच्या, प्रवेशासाठी असलेल्या सीसीएमटीच्या नियमित फेऱ्यांतही जागा मिळाली नाही आणि शेवटच्या फेरीत मिळाली ती मला नको असलेल्या विषयातली होती. ती सोडताना फार घालमेल झाली, कारण घरी एनआयटी या नावाचे वजन मोठे होते. त्यानंतर मी राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून संरचना अभियांत्रिकीच्या एम.टेक.साठी अर्ज केला. इथे गेट पात्र उमेदवारांचा विचार आधी होतो आणि उरलेल्या जागांवर बिगर-गेट उमेदवार घेतले जातात, हे आमच्या वर्गात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्याहूनही कमी लोकांना ठाऊक असते ते असे की एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता दिलेल्या महाविद्यालयात गेटच्या आधारे पूर्णवेळ प्रवेश घेतल्यास महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, आणि त्यासाठी स्कोअर तीनशे ऐंशी आहे की आठशे, हे विचारले जात नाही. आयआयटीत गेलेल्या माझ्या मित्रालाही तेव्हा तेवढेच मिळत होते. दोन वर्षे घरून पैसे न मागता शिकलो आणि आज पुलांच्या आराखड्यांचे काम करतो. त्या मित्राची प्रयोगशाळा माझ्या प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी चांगली होती, हे मात्र खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

संगणक अभियांत्रिकी, पुणे

मला निकालाच्या आधीच अंदाज आला होता, कारण आपण नोंदवलेली उत्तरे आणि उत्तरतालिका फेब्रुवारीअखेर उपलब्ध होतात. माझ्या मते या परीक्षेतील सर्वांत उपयोगी कागद तोच आहे, आणि निराश झालेली मुले नेमका तोच उघडत नाहीत. मी पासष्टच्या पासष्ट प्रश्नांची वही केली. येत असूनही चुकलेले, अंदाजाने सोडवलेले, न येणारे आणि वेळ न उरल्यामुळे सुटलेले, असे त्यांचे गट पाडले. बहुपर्यायी प्रश्नात एका गुणाचे उत्तर चुकले तर एक तृतीयांश आणि दोन गुणांचे चुकले तर दोन तृतीयांश गुण वजा होतात. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना आणि २०२१ पासून आलेल्या एकाहून अधिक अचूक पर्यायांच्या प्रश्नांना वजाबाकी नसते. वजाबाकीमुळे आपले गुण गेले, अशी माझी समजूत होती. वहीने वेगळेच सांगितले. वजाबाकी किरकोळ होती आणि न येणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा होता. त्यात संगणकाची रचना आणि गणन सिद्धांत हे दोन विषय जवळजवळ पूर्ण होते.

या वहीमुळे निर्णय सोपा झाला. गुण घाईमुळे गेले असते तर नोकरी सांभाळून पुन्हा परीक्षा देता आली असती. पण दोन विषय मुळापासून करायचे तर वर्ष मोकळे ठेवावे लागले असते, आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होणार असल्यामुळे ते शक्य नव्हते. मी नोकरी धरली. गेटचा स्कोअर प्रवेशासाठी तीन वर्षे ग्राह्य असतो, म्हणून पुढच्या वर्षी त्याच स्कोअरवर संशोधनाधारित एम.एस. अभ्यासक्रमांना अर्ज केले. तिथे स्कोअर प्राथमिक निवडीपुरता पाहतात आणि नंतर लेखी चाचणी किंवा मुलाखत घेतात. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोहोचले, निवड झाली नाही, आणि मी अजून त्याच कंपनीत आहे. नोकरीबद्दल तक्रार नाही. मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांनी विचारलेले प्रश्न मात्र मला परीक्षेपेक्षा कितीतरी आवडले होते.

एक आई, नाशिक

मी परीक्षा दिलेली नाही, पण निकाल आमच्याही घरात लागला होता, म्हणून लिहिते. मुलगा जेवायला आमच्याबरोबर बसेनासा झाला. रात्री उशिरापर्यंत जागायचा, सकाळी दार बंद असायचे, आणि भाऊबीजेला भेटणारी सगळी भावंडे कुठे कुठे लागली याची चर्चा आमच्याकडे अखंड चालू असायची. ती मी प्रथम बंद केली. नणंदेला आणि जावेला स्पष्ट सांगितले की त्याच्याविषयी विचारायचे असेल तर मला विचारा. त्यांना राग आला, तो यथावकाश गेला.

त्याचे वडील धीर देण्यासाठी ‘काही होत नाही रे’ असे सारखे म्हणत, आणि तो अधिकच चिडे, कारण त्याच्या दृष्टीने बरेच काही झाले होते. हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला मला बराच वेळ लागला. पुढे तो ‘कशातच अर्थ नाही’ असे बोलू लागला, तेव्हा मी थांबले नाही. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. आधी मीच बोलले आणि मग त्याला बोलायला दिले. तिथून त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठवले. औषधे थोडेच दिवस घ्यावी लागली. तो पुढे काय करतो आहे हे त्याच्या संमतीशिवाय लिहीत नाही; बरा आहे आणि जेवायला बरोबर बसतो.

धागाकर्ता

नाशिकच्या ताई, आपण लिहिलेत याबद्दल आभारी आहे. स्वतःला इजा करण्याचे विचार कोणी बोलून दाखवत असेल तर निकालाची चर्चा बाजूला ठेवून वरील क्रमांकावर त्याच दिवशी बोलावे, ही सर्वांना विनंती.

विद्युत अभियांत्रिकी, अमरावती

माझे ध्येय एम.टेक. नव्हते, गेटच्या स्कोअरवर भरती करणाऱ्या सरकारी कंपनीतील नोकरी होते. त्यांचे गणित वेगळे असते. स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असला तरी बहुतेक कंपन्या जाहिरातीत नमूद केलेल्या वर्षाचाच स्कोअर मागतात, त्यामुळे ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ हे समाधान आमच्या वाट्याला येत नाही. माझा स्कोअर ओबीसी गटात एका कंपनीच्या मुलाखतीच्या उंबरठ्यावर होता. तिथे आणखी एक गोष्ट कळली. आपल्याकडे तहसीलमधून मिळणारा राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या संस्थांत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो आणि आपली जात केंद्राच्या सूचीतही असावी लागते. तो दाखला मी निकालाच्या आठवड्यातच काढला. यादी माझ्या अलीकडे थांबली ही गोष्ट वेगळी. त्यानंतर राज्यातील वीज कंपन्यांच्या भरतीचा अभ्यास केला. गेटसाठी केलेली विद्युत यंत्रे आणि वीज प्रणाली तिथे जशीच्या तशी उपयोगी पडली.

निवृत्त अधिव्याख्याता, कोल्हापूर

आमच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, निकाल टपालाने येत असे आणि त्यावर पर्सेंटाइल छापलेले असे. गावात पोस्टमनलाही कळे की कोणाचे पत्र आले आहे. मला हवे तेवढे पर्सेंटाइल मिळाले नाही, म्हणून मी तंत्रनिकेतनात शिकवू लागलो. आम्हाला मार्ग माहीत नसत आणि सांगणारेही कोणी नसे. काही वर्षांनी प्राचार्यांनी क्यूआयपी योजनेचे परिपत्रक दाखवले. मान्यताप्राप्त संस्थेतील अध्यापकाला संस्थेने पुरस्कृत करून, पगार चालू ठेवून, नामांकित संस्थेत पदव्युत्तर शिक्षणासाठी पाठवण्याची ही योजना होती. ज्या परीक्षेने मला आयआयटीचे दार दाखवून बंद केले होते, ती न देताच मी त्या आवारात दाखल झालो. वयाने लहान वर्गमित्र मला ‘सर’ म्हणत आणि गणितात मला मागे टाकत. आजच्या मुलांनी माझ्यासारखी वर्षानुवर्षे वाट पाहावी असे मी म्हणणार नाही. अध्यापनात राहायचे असेल तरच हा मार्ग त्यांच्या कामाचा आहे.

यंत्र अभियांत्रिकी, सध्या जर्मनीत

वर काही जणांनी मार्ग सुचवले आहेत, मी थोडी वेगळी बाजू मांडते. ‘एका परीक्षेने काय ठरते’ हे वाक्य मला निकालानंतर इतक्यांनी ऐकवले की मी त्यावर विश्वास ठेवला आणि परीक्षेकडे पाठ फिरवून जर्मनीची तयारी सुरू केली. इथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही किंवा अल्प आहे, पण खर्च नाही असे समजू नये. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिले जाणारे एपीएस प्रमाणपत्र लागते. आणि राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून बंदिस्त खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे. मामाने जामीन राहून कर्ज मिळवून दिले.

पहिल्याच सत्रात जे विषय समोर आले त्यांत विकलक समीकरणे आणि उष्णता-वहन होते. गेटमध्ये माझे गुण गेले होते ते याच दोन ठिकाणी. स्कोअरने माझी लायकी ठरवली नव्हती हे खरे, परंतु माझा कच्चा भाग त्याने अचूक दाखवला होता आणि तो कागद मी ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता. पुण्याच्या ताईंनी केली तशी वही मी आचेनला आल्यावर केली. विषय उत्तीर्ण झाले, पण एक सत्र जास्त लागले.

यंत्र अभियांत्रिकी, जळगाव

मी नोकरी सोडून पुन्हा परीक्षा दिली आणि गुण आधीपेक्षा कमी आले. असेही होते, हे कोणीतरी लिहायला हवे. नंतर जुन्याच कारखान्यात रुजू झालो. साहेबांनी परत घेतले. त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

स्थापत्य अभियांत्रिकी, सोलापूर

मी यंदाच्या निकालातला आहे. जेमतेम पात्र ठरलो आहे. कराडच्या दादांचा अनुभव आज आईवडिलांना वाचून दाखवला. राज्याच्या प्रक्रियेतून प्रवेश घ्यायचा तर विद्यावेतनासाठी प्रवेशाच्या वेळी काय पाहावे?

स्थापत्य अभियांत्रिकी, कराड

सोलापूरच्या मित्रा, तीन गोष्टी पाहा. तुझा प्रवेश गेटच्या आधारे झाल्याची नोंद महाविद्यालयाच्या कागदांवर आहे ना, अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि एआयसीटीई-मान्य आहे ना, आणि आधारशी जोडलेले बँक खाते तुझ्याच नावावर आहे ना. निकालपत्र आत्ताच उतरवून ठेव. मेअखेरनंतर ते सहसा निःशुल्क मिळत नाही. सीसीएमटीतही नोंदणी कर. तिथल्या शेवटच्या फेरीत तुझ्या आवडीचा विषय निघाला तर माझ्यापेक्षा बरी निवड तुझ्यापुढे असेल.