देवगिरी मिठाच्या पोत्यांमुळे पडली, हे कितपत खरं?

शंकासुर:
लहानपणापासून ऐकत आलोय. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, धान्य म्हणून गडावर चढवलेली पोती उघडली तर आत मीठ, आणि रामदेवरायाने हात टेकले. यादवांचं तालेवार राज्य एवढ्यावर गडगडतं का? कुणी फितुरी म्हणतं, कुणी हेमाडपंतालाही त्यात ओढतं. जाणकारांनी सांगावं.

गडवेडा:
पोत्यांची गोष्ट फिरिश्ता हा फारसी बखरकार सांगतो, तीही तीनशे वर्षांनंतर. त्यात फितुरी नाहीच. कोकणातून मीठ घेऊन आलेले व्यापारी धाड आली म्हणताच माल टाकून पळाले, आणि गडावरच्यांनी घाईघाईत तीच पोती धान्य समजून वर ओढली. हेमाडपंताला उगाच गोवू नका.

जुना सिग्नलवाला:
नोकरी फौजेत, सिग्नल्समध्ये झाली, त्यामुळे मला पोत्यांपेक्षा दुसरंच खटकतं. अल्लाउद्दीन तेव्हा कडा प्रांताचा सुभेदार. कडा कुठे, देवगिरी कुठे! प्रयागजवळून निघालेले काही हजार घोडेस्वार चंदेरीवरून, विंध्य-सातपुडा ओलांडून अचलपुरात उतरतात. आठशे-नऊशे किलोमीटर तरी अंतर. वर आवई उठवतात, काकाशी बिनसलंय, राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला चाललोय. आणि राजधानीला जाग येते ती शत्रू लासूरच्या घाटात शिरल्यावर! उत्तरेकडे नाकी नाहीत, जासूद नाहीत?

लासूरला कान्हा नावाच्या सरदाराने अडवलं. चौदाव्या शतकातला इतिहासकार इसामी लिहितो की त्याच्या बाजूने दोन स्त्रियाही लढल्या आणि पहिल्या धडकेत तुर्कांना मागे रेटलं. (शाळेच्या पुस्तकात ही दोन नावं का नाहीत म्हणाल, तर इसामीने नावंच दिलेली नाहीत.) पण कान्हाच्या पाठीशी कुमक कुठली? मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. काही जण सिंघणदेव म्हणतात, तो वाद सोडा.

आता खरी मेख. अल्लाउद्दीनने पसरवलं की मागून दिल्लीची वीस हजारांची फौज येतेय. साफ थाप. दिल्लीच्या सुलतानाला, म्हणजे त्याच्या काकाला आणि सासऱ्याला, या स्वारीची गंधवार्ताही नव्हती. एक स्वार अचलपूरच्या वाटेवर मागे धाडला असता तरी थाप उघडी पडली असती. रामदेवरायाने मात्र तह केला.

तेवढ्यात युवराज परतला. बाप निरोप धाडतोय, तह झालाय, लढू नकोस. पोरगा ऐकेना. आणि लढला तोही असा की खिलजीची फळी फुटायला आली. गडावर नजर ठेवायला मागे ठेवलेला मलिक नुसरत तेव्हा हजारभर स्वार घेऊन, हुकमाची वाट न बघता धावून आला. त्यांचा धुरळा उठला आणि यादवांच्या सैन्याला वाटलं, आली ती वीस हजारांची फौज! पळापळ झाली. हजार स्वारांनी वीस हजारांचं काम केलं.

मीठ निघालं ते यानंतर. पोत्यांमुळे खंडणी वाढली, फिरिश्ता सहाशे मण सोन्याचा आकडा देतो, वर अचलपूरचा वसूल. लढाई आधीच गेली होती.

शंकासुर:
आई शप्पथ, हा धुरळ्याचा भाग ठाऊकच नव्हता. मग एकदा पोळल्यावर तरी सावध झाले असतील ना?

जुना सिग्नलवाला:
तेच तर दुखणं. मध्ये दहा वर्षांवर वेळ मिळाला. खंडणी थकली तेव्हा अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, रामदेवरायाला धरून दिल्लीला नेलं, ‘रायरायान’ किताब देऊन परत पाठवलं. पुढे हाच राजा काफूरच्या दक्षिणेच्या मोहिमेला रसद पुरवतो. तोवर लढाई म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

गडवेडा:
शंकरदेवाला विसरू नका काका. बापामागे गादीवर बसला, दिल्लीला जुमानेना, १३१३ च्या सुमारास काफूरशी लढताना मारला गेला. त्यानंतर रामदेवरायाचा जावई हरपालदेव उठला, पण त्याच्या हाताखाली फौज ती किती असणार! १३१८ पर्यंत सगळं आटोपलं.