‘टीकात्मक’ विचार की ‘चिकित्सक’ विचार?

प्रश्न : नागरिकशास्त्राच्या एका पुस्तिकेचे मराठी भाषांतर तपासताना ‘क्रिटिकल थिंकिंग’साठी ‘टीकात्मक विचार’ आणि ‘इन्फॉर्म्ड सिटिझन’साठी ‘माहितीपूर्ण नागरिक’ असे प्रतिशब्द आढळले. दोन्ही खटकतात, पण नेमके का ते सांगता येत नाही.

उत्तर : ‘टीका’ हा शब्द मुळात वाईट नव्हे. ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ या ओवीतील टीका म्हणजे अर्थ उलगडून दाखवणारे विवरण; ज्ञानेश्वरांनी गीतेला नावे ठेवली, असे तेथे कोणाच्या मनातही येत नाही. आज मात्र हा शब्द ‘विरोधकांनी टीका केली’ याच अर्थाने रुळला असल्यामुळे ‘टीकात्मक विचार करा’ असे सांगितले, तर मुले दुसऱ्याचे दोष काढायला शिकतील आणि स्वतःला पटलेले मत तपासायचे राहून जाईल.

यासाठी मराठीत ‘चिकित्सा’ हा तयार शब्द आहे. तो ‘कित्’ या संस्कृत धातूपासून आला असून त्या धातूला रोग दूर करणे आणि संशय घेणे असे दोन्ही अर्थ आहेत. कठोपनिषदातील नचिकेता मेल्यानंतर माणूस उरतो की नाही या शंकेला ‘विचिकित्सा’ म्हणतो. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर. मराठीने मात्र पारखून घेण्याचा अर्थ जवळ केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची आवृत्ती ‘चिकित्सक आवृत्ती’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्या संपादकांनी अनेक हस्तलिखिते ताडून पाठ निश्चित केला आणि न स्वीकारलेले पाठही तळटीपांत छापले, म्हणजे ज्याला निर्णय पटणार नाही त्याला तो स्वतः तपासता यावा. नागरिकाकडून अपेक्षित असलेली विचाराची रीत याहून वेगळी नाही.

‘माहितीपूर्ण’ लेख असतो, व्याख्यान असते, माणूस नव्हे. ‘माहितगार’ एखाद्या विषयापुरता किंवा वाटेपुरता. मी ‘सुजाण’ निवडीन, जरी प्रचाराच्या कर्ण्यांनी तो पुरेसा झिजवला आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याची प्रस्तावना लोकशाहीला माहिती असलेल्या नागरिकांची गरज आहे असे सांगते. तेथे ‘माहिती असलेला’ हे साधे शब्दच बरे, कारण ती माहिती पारखणे ही पुढची पायरी आहे.

शंका : परंतु बोलण्यात ‘फार चिकित्सक आहे’ म्हणजे खोडसाळपणे नसत्या चौकशा करणारा, असाच भाव असतो ना?

उत्तर : असतो खरा. आमच्या गावच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचून झाल्यावर ‘मंजूर, मंजूर’ असा गजर सुरू असताना मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, ‘‘गटार एकच, मग बिलं दोन कशी?’’ व्यासपीठावरून हसत उत्तर आले, ‘‘आजी, फार चिकित्सा करू नका.’’ आजी उभ्याच राहिल्या. शेवटी ग्रामसेवकांनी पावत्यांची फाइल उघडून दाखवले, की पहिले बिल खोदाई-बांधकामाचे होते आणि दुसरे वरच्या फरश्यांचे. ‘‘हां, मग बरोबर हाय,’’ असे म्हणून आजी खाली बसल्या.