सासऱ्यांचा मान कसा राखायचा? कृपया सुचवा

सातारकर_सून:
सासरे ७४ वर्षांचे, जिभेचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले आता केमो नको, घरीच सांभाळा. ते शाळेत मास्तर होते, गावात अजूनही गुरुजीच म्हणतात. महिन्याभरापासून नाकात नळी, डायपर, बोललेलं कळत नाही. भेटायला येणारे त्यांच्यासमोरच विचारतात किती खंगलेत हो, डॉक्टर काय म्हणतात, आणि आम्ही पण तिथेच उभं राहून उत्तरं देतो. काल डायपर बदलताना त्यांनी टॉवेलने तोंड झाकून घेतलं. मला रात्रभर झोप नाही. काय करू?

वॉर्डातली_सिस्टर:
ताई, आधी त्यांच्या हातात पाटी द्या. जीभ गेलीये, अक्षर नाही गेलं. काहीही करायच्या आधी सांगायचं, नाना आता कूस वळवतो हं, आणि ते मान हलवेपर्यंत थांबायचं. दार लावा, जेवढं पुसताय तेवढंच उघडं ठेवा, बाकी अंगावर चादर. हे करायला दोन मिनिटं जास्त लागतात पण आमच्याकडे सुद्धा घाईत हेच राहून जातं, याचं फार वाईट वाटतं. पाहुण्यांशी आजाराचं बोलणं ओट्यावर करा, खोलीत नाही. आणि मुख्य म्हणजे कोणी काय करावं ते नानांनाच विचारा.

पुणेकर७१:
कॅनडात विनिपेगचे डॉ. हार्वी चोचिनोव्ह आहेत, त्यांनी डिग्निटी थेरपी सुरू केली. आयुष्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, घरच्यांना काय सांगून ठेवायचंय असं पेशंटला विचारून ते टाइप करायचं, त्यालाच वाचून दाखवायचं, दुरुस्त करून घरच्यांना द्यायचं. २००५ च्या त्यांच्या अभ्यासात शेवटच्या टप्प्यातले १०० पेशंट होते, त्यातल्या ७६ टक्के लोकांनी आपला मान वाढल्यासारखं वाटलं असं सांगितलं. त्यांचा एक साधा प्रश्न पण आहे, तुमची नीट काळजी घ्यायला माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं. माझ्या आईला मी हा प्रश्न फार उशिरा विचारला, तुम्ही आजच विचारा. आणि दुखणं अंगावर काढू देऊ नका, ठणका असेल तर माणसाला दुसरं काही सुचतच नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल विचारा, ते जोरदार वेदनाशामक आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत. व्हेंटिलेटर हवा की नको हेही आत्ताच लिहून घ्या, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तो हक्क मान्य केलाय. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरीची सही चालते.

सातारकर_सून:
पाटी दिली. त्यांनी लिहिलं, अंग पुसायला सूनबाई नको, बाळू. मग खाली, दाढी रोज. ह्यांना आठवडाभर रात्रपाळी असते पण, तेव्हा कसं करू?

वॉर्डातली_सिस्टर:
नर्सिंग ब्यूरोतून रात्रीपुरते मामा, म्हणजे पेशंटचं करणारे पुरुष मदतनीस मिळतात. ठरवायच्या आधी नानांना भेटवा, त्यांनी हो म्हटलं तरच ठेवा.