'उत्तरेला वळा' मराठीत चालेल का?

वाटसरू : चिनी संभाषणाच्या पुस्तिकेचं मराठी करतेय. 'वाट विचारणे' या धड्यात बीजिंगची बाई सांगते, 'वांग बेइ ग्वाइ'. मी लिहिलं, 'चौकात उत्तरेला वळा'. तपासणाऱ्यांनी खोडून 'उजवीकडे' केलं. म्हणे मराठी माणूस असं बोलत नाही. पण उत्तर उजव्या हाताला यायची तर तोंड पश्चिमेला हवं, आणि बाई कुठे बघतेय ते धड्यात नाहीच. काय ठेवू?

पायवाट : उत्तरच ठेवा! मी बीजिंगला शिकायला होते. तिथल्या जुन्या गल्ल्या, हूथोंग, बहुतेक पूर्व-पश्चिम, कारण घराचं तोंड दक्षिणेला हवं. दिशा माणसांच्या अंगात मुरलेल्या. एकदा भर दुपारी आभाळ धुरकट, सूर्याचा पत्ता नाही, आणि एक आजी 'वांग बेइ, वांग बेइ' सांगतायत. मला उमजेना. शेवटी त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला उत्तरेकडे फिरवलं आणि पाठीवर थाप मारली. शांघायला मात्र डावं-उजवंच ऐकलं.

शब्दवेडा : मराठी माणूस असं बोलत नाही? आमच्या आजोळी अजून 'विहिरीच्या उगवतीला', 'बांधाच्या मावळतीला' म्हणतात. आणि 'दक्षिण' म्हणजे उजवासुद्धा! उगवतीकडे तोंड केलं की दक्षिण उजव्या हाताला. प्रदक्षिणा त्यातलीच.

पायवाट : किती छान! चिनी राजा दक्षिणेला तोंड करून बसे, म्हणून त्यांची पूर्व डावीकडे. यांगत्सेच्या पूर्वेचा मुलूख जुन्या लिखाणात 'ज्यांगज्वो', म्हणजे नदीच्या डावीकडचा. होकायंत्राचं चिनी नावही 'दक्षिण दाखवणारी सुई'.

नीटनेटकी : शेत वेगळं, शहर वेगळं. अप्पा बळवंत चौकात कुणी उत्तरेला वळत नाही. आणि 'चौक' तरी कशाला? चौक वाड्यातला. रस्त्याचा तो चौरस्ता.

शब्दवेडा : चौक 'चतुष्क'वरून आला. वाड्यातला आणि रस्त्यातला, दोन्ही एकाच घरचे. खरं तर 'चव्हाटा' हवा. चार वाटा!

नीटनेटकी : वाटा नव्हेत, त्यात 'हाट' आहे. शिवाय आज चव्हाट्यावर भानगडी येतात, पत्ता विचारणारे नाहीत.

वाटसरू : मूळ शब्द 'शृत्झ लूखोउ'. चिनी 'दहा' अधिकच्या चिन्हासारखा लिहितात, त्या अक्षराच्या आकाराचा नाका. पुढच्या धड्यात 'दिंगत्झ लूखोउ' आहे. 'दिंग' अक्षरात आडव्या रेघेखाली एक उभी, तसे तीन रस्ते.

रंकाळा : तिकटी! आमच्या कोल्हापुरात मिरजकर तिकटी आहे की.

तळकोकण : तिठा म्हणा हो. आमच्याकडे एसटीवालेही तिठाच म्हणतात.

रंकाळा : तिठा घाटावर कोण ओळखणार? तिकटीत तीन ऐकू तरी येतात.

तळकोकण : तिठ्यात येत नाहीत का?

वाटसरू : मंडळी, उत्तरेचं काय ठरलं?

शब्दवेडा : ठेवा हो. पण नीटनेटकी, 'हाट' कशावरून, ते आधी सांगा.