मदत हवी आहे: ईस्टरच्या कुकीजचं घरटं होतच नाहीये!

मंडळी, ईस्टरसाठी घरट्याच्या आकाराच्या कुकीज करायला घेतल्यात आणि दोन घाणे वाया गेलेत.

पहिला लोण्याचा. १०० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम मैदा. गोळ्यांना अंगठ्याने खळगा केला, १८० अंशांवर १२ मिनिटं भाजले. बाहेर काढले तर खळगे भरून आलेले, घरट्यांच्या ताटल्या झालेल्या! लोणी फार मऊ होतं, हे माझ्या लक्षात आलंय. गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून भाजले तर आकार टिकेल, की मैदाच वाढवू? मैदा वाढवला तर खुसखुशीतपणा जाईल अशी भीती वाटते.

दुसरा घाणा सुक्या खोबऱ्याच्या किसाचा: दोन अंड्यांचा पांढरा भाग, साखर आणि कीस. दिसायला अगदी काड्याकाड्यांचं घरटं, मी खूश! पण मधोमध ओलसर राहिलं आणि कागद सोडेना. आच कमी करून जास्त वेळ भाजावं का?

शिवाय मी शहाणपणा करून घरट्यांत ठेवायची चॉकलेटची अंडी आधीच ठेवून भाजली. साखरेचं कवच तडकलं, चॉकलेट ओघळलं. आता कुकीज गार झाल्यावरच वितळलेल्या चॉकलेटच्या थेंबाने चिकटवणार.

एक अडचण आणखी: खाणाऱ्या एका मुलीला बदाम चालत नाहीत, त्यामुळे मार्झिपॅनची (बदामपूड आणि साखरेच्या गोळ्याची) अंडी नकोत. चॉकलेटशिवाय अंडी कशाची करता येतील? शनिवारी रात्री भाजून रविवारी सकाळी वाढायचं आहे, तेव्हा कुरकुरीत राहतील असंच सांगा.